घोड्याचा पाय वाकडा असला की भार कुठे जातो

घोड्याच्या पायांची ठेवण बहुतेक जण दिसण्याच्या अंगाने बघतात: सरळ पाय चांगला, वाकडा वाईट. खरा प्रश्न भाराचा आहे. घोड्याचं वजन हाडांच्या एका उभ्या रांगेतून जमिनीत उतरतं. रांग सरळ असेल तर सांध्याच्या सगळ्या बाजूंच्या वाट्याला थोडाथोडा भार येतो. रांगेत कुठे वाक, पीळ किंवा सरक असली की एका बाजूवर जास्त येतो आणि दुसरी मोकळी राहते. जास्तीचा भार कुठे पडणार हे प्रत्येक दोषात बरंचसं ठरलेलं असतं, आणि दुखणंही बहुधा तिथेच निघतं. दोषांची नावं पाठ नसली तरी चालेल, पण भार कुठे सरकलाय हे ओळखता आलं पाहिजे.

पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो तो सांधा माणसाच्या मनगटाशी जुळतो. त्यात दोन ओळींत बसवलेली ७ किंवा ८ छोटी हाडं असतात. त्याखाली नळीचं हाड, नळीच्या मागे दोन्ही अंगांना चिकटलेली दोन बारीक स्प्लिंट हाडं, मग फेटलॉक म्हणजे नळीच्या खालचा सांधा, त्याच्या आणि खुराच्या मधलं तिरकं पेस्टर्न आणि शेवटी खूर. मागच्या पायात हॉक म्हणजे माणसाचा घोटा. मागचा खरा गुडघा वर पोटाजवळ असतो, त्याला स्टायफल म्हणतात. गुडघ्याच्या आणि हॉकच्या खाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाडं, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), अस्थिबंध (हाड हाडाला जोडणारे पट्टे) आणि कातडी, एवढंच. त्यामुळे चुकीच्या जागी पडलेला ताण थेट कंडरांवर आणि सांध्यांवर येतो.

उभ्या घोड्याच्या वजनातला सुमारे ६० टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो. चौखूर दौडताना काही क्षण सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो आणि तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरतो. ५०० किलोच्या घोड्यात हे सव्वा टन झालं. पुढच्या पायाचा दोष मागच्यापेक्षा लवकर भोवतो तो यामुळे.

ओळंबा लावताना

पाय बघायला घोडा सपाट, कठीण जमिनीवर उभा हवा. चारही पायांवर सारखा, मान सरळ. उतारावर, मऊ मातीत किंवा मान एका बाजूला वळवून उभा केलेला घोडा फसवतो. विकणाऱ्याने हाताने पाय सरकवून 'नीट' उभा केलेला घोडा तर हमखास फसवतो. म्हणून दोन पावलं चालवून तो आपणहून कसा थांबतो ते बघावं, आणि हे तीन-चार वेळा करावं. एकदा दिसलं ते उभं राहण्यातलं असू शकतं, दर वेळी दिसलं तर ते ठेवणीतलं.

समोरून बघताना खांद्याच्या टोकापासून सोडलेला ओळंबा गुडघा, नळी, फेटलॉक आणि खूर यांचे बरोबर दोन भाग करत खाली यायला हवा. बाजूने बघताना तो खांद्याच्या फऱ्यावरच्या उभ्या कंगोऱ्याच्या मध्यापासून सुटतो, गुडघ्याच्या आणि फेटलॉकच्या मध्यातून जातो आणि टाचेच्या किंचित मागे जमिनीला टेकतो. मागच्या पायाला बाजूने ओळंबा लावायचा तर पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापासून. तो हॉकच्या टोकाला स्पर्श करून नळीच्या मागच्या कडेने उतरतो आणि टाचेच्या ७ ते १० सेंटिमीटर मागे पडतो.

इथे एक चूक फार होते. दोन्ही पायांच्या मधोमध उभं राहून पाय बघितले जातात. पूर्ण पाय वरूनच थोडा बाहेर वळलेला असेल तर तिथून गुडघा बाहेर बघताना दिसतो आणि पाय वाकडा आहे असं वाटतं. एकेका पायाच्या नेमकं समोर, म्हणजे गुडघ्याचा पुढचा भाग ज्या दिशेला बघतोय त्या दिशेला, उभं राहून बघावं. तिथून गुडघा, फेटलॉक आणि खूर एका ओळीत दिसले तर तो नुसता पीळ आहे, सांध्यात वाक नाही. पीळ त्यामानाने निरुपद्रवी. सांध्यात वाक असला की मात्र त्या सांध्याची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते.

खूर वाढलेला असताना ठेवणीबद्दल मत बनवू नये. एका बाजूने वाढलेली खुराची भिंत, म्हणजे बाहेरचं कठीण कवच, चांगल्या पायालाही वाकडा दाखवते. आधी खूर कापून समतोल करून घ्यावा, मग बघावं.

समोरून दिसणारे दोष

खूर बाहेर वळलेले असले तर पाय उचलताना खुराचं टोक आतल्या बाजूवरून उलटतं आणि खूर आत वळसा घेत पुढे येतो. वाटेत शेजारचा पाय असतो, त्यामुळे फेटलॉकच्या आतल्या बाजूला किंवा नळीवर ठोकर बसते. तिथले केस घासलेले किंवा जुने व्रण असतील तर ते सांगून जातात. हा दोष अगदी सौम्य असेल, छाती रुंद असेल आणि दुडकीत ठोकर बसत नसेल तर तो माझ्या लेखी अडवण्याजोगा नाही. छाती अरुंद आणि खूर बाहेर वळलेले अशी जोडी मात्र वाईट. त्यात दोन पाय मुळातच जवळ असतात, आणि भार बाहेरच्या भिंतीवर घेत खूर आत फिरतो.

खूर आत वळलेले असले तर उलट. खूर बाहेरून अर्धवर्तुळ काढत पुढे येतो, वल्ही मारल्यासारखा. ठोकर बसत नाही, म्हणून बरेच जण याला हसून सोडून देतात. पण फेटलॉक आणि पेस्टर्नच्या बाहेरच्या बाजूवर दर पावलाला जास्त भार येत राहतो आणि वर्षानुवर्षांच्या कामानंतर तिथल्या सांध्यांची झीज दिसू लागते. हळू काम करणाऱ्या घोड्यात हे खपतं. वेगात किंवा उडी मारून उतरताना ते महागात पडतं.

नळीचं हाड गुडघ्याच्या मध्याखाली न बसता बाहेरच्या बाजूला सरकलेलं असणं हा दोष नवख्या नजरेतून हमखास सुटतो, कारण पाय वाकडा दिसतच नाही. वरचं हाडही उभं, नळीही उभी, फक्त दोन्ही एका रेषेत नाहीत. गुडघ्याच्या वरच्या हाडाचा मध्य आणि नळीचा मध्य बोटाने धरून बघितलं की सरक कळते. यात आतल्या स्प्लिंट हाडावर जास्त भार येतो. ते हाड बारीक, वर गुडघ्याच्या हाडाला टेकलेलं आणि नळीला फक्त एका अस्थिबंधाने धरलेलं. तो अस्थिबंध ताणला गेला की सूज येते, मग तिथे नवं हाड धरतं. २ ते ४ वर्षांच्या, नुकत्याच कामाला लावलेल्या घोड्याच्या नळीच्या आतल्या अंगाला गुडघ्याखाली गरम, दाबल्यावर दुखणारी गाठ लागली तर ती बहुधा हीच. गाठ थंड आणि कडक झाली की दुखणं सहसा संपतं, गाठ तेवढी राहते. शर्यतीच्या घोड्यांत या सरकेचा संबंध खाली फेटलॉकच्या त्रासाशीही दिसला आहे.

गुडघे आत झुकलेले असले तर गुडघ्याची बाहेरची बाजू दाबली जाते आणि आतला अस्थिबंध ताणला जातो. गुडघे बाहेर झुकले असले तर याच्या उलट. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात आधीच जास्त भार घेणारी आतली बाजू आणखी दाबली जाते. पहिल्याबद्दल एक गंमत आहे: शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांवरच्या अभ्यासात गुडघा किंचित आत झुकलेल्या घोड्यांत गुडघ्याची हाडं तुटण्याचं प्रमाण कमी आढळलं. म्हणजे पट्टी लावून आखल्यासारखा सरळ पाय हाच सर्वांत टिकाऊ, असं नाही.

बाजूने दिसणारे दोष

मला एकच दोष निवडून घोडा परत पाठवायला सांगितलं तर मी मागे गेलेला गुडघा निवडेन. बाजूने बघितलं की पायाचा पुढचा कडा गुडघ्यापाशी आत खचलेला दिसतो आणि ओळंबा गुडघ्याच्या पुढून जातो. घोड्याचा गुडघा भाराखाली जागेवर सरळ राहावा अशी त्याची रचना आहे. दौडताना पाय टेकतो तेव्हा तो क्षणभर थोडा मागे झुकतोच. ज्याचा गुडघा मुळातच मागे आहे त्याचा त्याहून जास्त झुकतो, आणि दमल्यावर तर आणखीच, कारण तोवर सांध्याला आवरणारे स्नायू थकलेले असतात. मग गुडघ्यातल्या छोट्या हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि त्यांचे कपचे उडतात. हे कपचे मुख्यतः वरच्या रेडियस हाडाच्या खालच्या कडेला, वरच्या ओळीतल्या रेडियल हाडाला आणि खालच्या ओळीतल्या तिसऱ्या हाडाला उडतात. सोबत गुडघ्याच्या मागचे अस्थिबंध आणि खोल कंडरेला (नळीमागच्या दोन कंडरांतली आतली) आवरून धरणारा चेक अस्थिबंध ताणला जातो. अशा घोड्याच्या गुडघ्यावर पुढून मऊ, पाणी भरल्यासारखी सूज दिसली तर आत काहीतरी बिघडलंय हे समजून चालावं. वेगाच्या कामासाठी असा घोडा घेऊ नये. सपाट जमिनीवर हळू चालणाऱ्याला त्याने फार फरक पडत नाही.

गुडघा पुढे आलेला असला तर तो दिसायला जास्त विचित्र, पण परिणाम सौम्य. भार फेटलॉकच्या मागच्या दोन सेसमॉइड हाडांवर, फेटलॉकला झोळीसारखं तोलणाऱ्या सस्पेन्सरी अस्थिबंधावर आणि नळीमागच्या वरच्या, म्हणजे कातडीलगतच्या, कंडरेवर थोडा वाढतो. नवजात शिंगरांत हा दोष सर्रास असतो आणि बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप जातो. मोठ्या घोड्यात मात्र उभ्या-उभ्या गुडघा थरथरत असेल तर तो दुबळा पाय समजावा.

गुडघ्याच्या लगेच खाली नळी आणि कंडरांची जाडी अचानक कमी झालेली दिसली, जणू दोरी घट्ट बांधली आहे, तर कंडरांना तिथे पुरेशी जागा नसते. नळीचा घेर टेपने मोजता येतो. सवारीच्या घोड्यात ४५० किलो वजनामागे सुमारे १८ सेंटिमीटर घेर असावा, हा जुना ठोकताळा आजही वापरला जातो. मापापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कंडरा हाताला नळीपासून वेगळी, दोरीसारखी ताठ आणि थंड लागली पाहिजे.

पेस्टर्नचा तिरपेपणा हा फेटलॉकचा धक्का झेलणारा भाग. लांब आणि फार तिरकं पेस्टर्न असलं तर फेटलॉक दर पावलाला खाली जास्त बसतं. चाल मऊ लागते, पण त्याची किंमत सस्पेन्सरी अस्थिबंध, वरची कंडरा आणि सेसमॉइड हाडं देतात. आखूड आणि उभं पेस्टर्न धक्का झेलत नाही. चाल खडबडीत होते, आणि फेटलॉक, पेस्टर्नचे सांधे व खुरातलं नेव्हिक्युलर हाड झिजतं. खुराच्या वर हाडाची कडी धरणं, म्हणजे रिंगबोन, याच घोड्यांत जास्त. खुराचा पुढचा कडा आणि पेस्टर्नची रेषा एका तिरक्या ओळीत असाव्यात. पुढच्या पायात हा कोन साधारण ५० ते ५५ अंश, मागच्यात थोडा जास्त उभा.

मागचे पाय

मागच्या पायात हॉक हा सांधा सर्वांत जास्त राबतो. हॉक बाजूने बघताना कोयत्यासारखा फार वाकलेला असला आणि नळी पुढे तिरकी झाली तर पाय पोटाखाली सरकतो. यात हॉकच्या मागचा लांब अस्थिबंध ताणला जातो. हॉकच्या टोकाखाली सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर मागची रेषा सरळ न राहता फुगलेली दिसली तर तो कर्ब. हॉकच्या खालच्या सपाट सांध्यांत हाड धरण्याचा त्रासही, ज्याला बोन स्पॅव्हिन म्हणतात, या घोड्यांत जास्त. अचानक थांबणं, गिरक्या घेणं, उड्या मारणं असली कामं दोष वेगाने उघडा पाडतात.

याच्या उलट हॉकमध्ये कोनच न दिसणारा, खांबासारखा सरळ मागचा पाय. हॉक धक्का झेलत नाही, सांध्यात पाणी साठून पुढच्या-आतल्या बाजूला मऊ फुगवटा येतो. स्टायफलही सरळ असल्यामुळे गुडघ्याची वाटी वरच्या कंगोऱ्यात अडकते आणि पाय मागे ताठ होऊन लॉक होतो. घोडा एक पाय मागे ओढत थबकतो आणि मग झटक्याने सुटतो. तरुण, अशक्त घोड्यात स्नायू भरले की हे पुष्कळदा कमी होतं. मागच्या पायांचा सस्पेन्सरी अस्थिबंध दुखावून फेटलॉक खाली बसू लागलं तर मात्र परतीचा मार्ग नसतो.

मागून बघताना हॉक जवळ आणि खूर बाहेर वळलेले दिसले की लगेच दोष ठरवला जातो. थोडं बाहेर वळणं स्वाभाविक आहे, कारण पाय पुढे घेताना स्टायफलला पोटाच्या बाहेरून जावं लागतं. बघायचं ते हे: दोन्ही नळ्या समांतर आणि उभ्या आहेत का? असतील तर तो पूर्ण पायाचा नैसर्गिक पीळ. हॉकपेक्षा फेटलॉक एकमेकांपासून जास्त दूर असतील तर नळ्या तिरक्या आहेत आणि हॉकच्या आतल्या बाजूवर ताण पडतोय. हॉक बाहेर फेकलेले आणि खूर आत असं असलं तर जास्त वाईट. पाय टेकल्यावर हॉक बाहेर पिळतो आणि दर पावलाला सांधा मुरगळल्यासारखा होतो.

शिंगराच्या पायाला वेळ किती असतो

शिंगरात दोष सुधारण्याची खिडकी ही सांध्याजवळच्या वाढपट्ट्या, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं ते थर, ठरवतात. फेटलॉकच्या वरची पट्टी पहिल्या ३ महिन्यांत बहुतेक काम उरकते. तिथला वाक पहिल्या काही आठवड्यांतच हाताळावा लागतो. गुडघ्याच्या वरची पट्टी पहिल्या ६ ते ८ महिन्यांत जोरात वाढते आणि दोन-अडीच वर्षांपर्यंत पूर्ण बंद होते, म्हणजे तिथे सवड जास्त.

जन्मतः गुडघा ५ अंशांपर्यंत आत झुकलेला असणं सामान्य आहे. शिंगराची छाती अरुंद असते, कोपर शरीराला चिकटलेलं असतं, म्हणून पूर्ण पाय बाहेर वळलेला असतो. छाती भरली की कोपर बाहेर ढकललं जातं आणि पाय आत फिरतो. चार महिन्यांच्या शिंगराचे खूर अगदी सरळ समोर आणण्याच्या नादात कानस चालवली तर तेच शिंगरू मोठेपणी खूर आत वळवून चालतं. या वयात थोडं बाहेर बघणारं शिंगरू बरं.

झुकलेला पाय हाताने दाबून सरळ करता आला तर सांधे सैल आहेत. मर्यादित हालचालीने स्नायू आले की ते घट्ट होतात. हाताने सरळ होत नसेल तर वाढच एका बाजूने जास्त होतेय. वेळेआधी जन्मलेल्या शिंगरात गुडघ्याची आणि हॉकची छोटी हाडं अजून मऊ असतात. त्याला मोकळं पळू दिलं तर ती पाचरीसारखी चेपली जातात आणि मग काहीच दुरुस्त होत नाही. क्ष-किरण फोटो काढून हाडं कडक होईपर्यंत त्याला तबेल्यातच ठेवतात.

गुडघा आत झुकलेला असेल तर खुराची बाहेरची भिंत थोडी कानसून कमी करतात आणि गरज पडल्यास आतल्या बाजूला खुराला जोड देतात. बाहेर झुकलेल्यात उलट. तरीही फरक पडला नाही तर वाढपट्टीतून स्क्रू बसवून फुगीर बाजूची वाढ रोखतात. पाय सरळ झाला की तो स्क्रू लगेच काढावा लागतो. थोडा उशीर झाला तरी पाय दुसऱ्या बाजूला झुकायला लागतो.

मोठ्या घोड्यात खूर काय करू शकतो

वाढपट्ट्या बंद झाल्या की हाडं सरळ करता येत नाहीत. तरीही नालबंदाला 'खूर सरळ समोर आण' असं सांगणारे मालक असतात. खुराची एक बाजू खोल कापून दिशा बदलली तर दिसायला सरळ होतं, पण वरचे सांधे मात्र एका बाजूने चेपले जातात, आणि पूर्वी न लंगडणारा घोडा लंगडू लागतो. कापायचं ते खूर टेकताना दोन्ही बाजू एकाच वेळी जमिनीला लागतील असं, दिशा काहीही असो.

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. नाल असलेल्या खुरात टाच थोडी घासली जाते पण टोक नुसतं वाढत राहतं, म्हणून कोन आठवड्यागणिक बसत जातो. खोल कंडरेवरचा आणि नेव्हिक्युलर हाडावरचा ताण वाढतो. ठेवणीत दोष असलेल्या घोड्याची नाल ८ आठवडे लांबवू नये, ४ ते ६ आठवड्यांत बदलावी. काढलेली जुनी नाल फेकण्याआधी बघावी: जी बाजू जास्त झिजली आहे तिकडे भार आहे.

वाकड्या पायांचे घोडे जिंकतातही. १९९८ साली केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकणाऱ्या रिअल क्वाएट या घोड्याचे गुडघे वाकडे होते. असे घोडे लोकांच्या लक्षात राहतात. त्याच ठेवणीचे जे दुसऱ्या हंगामाआधी लंगडले ते कुणी मोजत नाही.

विकत घेताना दोष दिसला तर त्याची ठरलेली जागा पशुवैद्याला सांगून तिथलाच क्ष-किरण फोटो मागावा. मागे गेलेला गुडघा असेल तर गुडघ्याच्या पुढच्या कडा, कोयत्यासारखा हॉक असेल तर हॉकचे खालचे सांधे, उभं पेस्टर्न असेल तर पेस्टर्न आणि नेव्हिक्युलर. घोडा ८-१० वर्षांचा, सतत कामातला आणि फोटो स्वच्छ असेल तर त्याने तो दोष पेलून दाखवला आहे. तोच दोष कामाला न लागलेल्या ३ वर्षांच्या घोड्यात असेल तर स्वच्छ फोटोचा अर्थ एवढाच की अजून त्या जागेवर भार पडलेला नाही. दोष एकाच पायात असेल तर तो जन्मजात नसून जुन्या दुखापतीचा असण्याची शक्यता धरून दोन्ही पायांचे फोटो शेजारी ठेवून बघावेत.